आरशाकडे पाठ फिरवलेली खुर्ची

मित्रांनो, जिच्यावर बसलं की मान हलवायची नसते आणि शिंक आली तर आधी सांगायचं असतं, ती मी. मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. माझं रेक्झिन तीनदा बदललं, पण बिडाचा पाय अजून पहिलाच आहे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. ओतलेलं लोखंड, म्हणजे बीड, वर लाकडी हात, मान टेकायला उशी आणि बाजूला पंपाचा एक दांडा. दांडा दाबला की मी वर जायची, सोडला की सुस्कारा टाकत खाली यायची. हलक्या धक्क्याने गिरकीसुद्धा घ्यायची. ज्याने मला विकत घेतलं तो तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला कारागीर होता. त्याने मला दुकानात आरशासमोर बसवलं, फडक्याने पुसलं आणि स्वतःच एकदा बसून पाहिलं. मग कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून पटकन उठला.

पुढे त्याचे केस पांढरे झाले आणि सगळी गल्ली त्याला सलूनकाका म्हणू लागली. हात हलका, पण जीभ त्याहून हलकी. गप्प बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. गिऱ्हाईक बोलता बोलता थांबलं, तर उरलेलं वाक्य काका पूर्ण करायचे. "काल आमच्या साहेबांनी मला..." एवढं म्हणून कोणी जांभई दिली, की काका "झापलं!" म्हणून मोकळे. बहुतेक वेळा ते बरोबरच निघायचं. बाकावर दिवसभर पेपर धरून बसणारे निवृत्त पोस्टमन म्हणायचे, "या माणसाकडे दाढी करायला यावं, तोंड उघडायची गरज नाही. आपलं बोलणंही हाच बोलतो."

लहान मुलं आली की माझ्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची आणि त्यावर मूल बसवायचं. किती मुलं माझ्यावर रडली आणि हसत उतरली, याची गणती नाही. काकांची स्वतःची मुलगी मात्र माझ्यावर कधी बसली नाही. दुकान पुरुषांचं. ती डबा घेऊन यायची, दारात उभी राहायची आणि निघून जायची. ती शिकली आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या सरकारी शाळेत चौथीच्या वर्गावर लागली. मुलं तिला ताई म्हणत. काका चेष्टेने "बाईसाहेब" म्हणत आणि कौतुक लपवायला कात्री उगाचच हवेत चालवत.

आता खरी गोष्ट सांगते.

त्या शाळेची पत गेली होती. चौथीतल्या मुलांना साधं पान वाचता येत नाही, असं शिक्षण खात्याच्या तपासणीत दिसलं. खात्याने कळवलं, की पुढच्या तपासणीत निम्म्या मुलांना नवं, न पाहिलेलं पान वाचता आलं नाही, तर शाळा बंद करून मुलं पलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवू. पलीकडे म्हणजे हमरस्त्याच्या पलीकडे. तिथून दिवसभर ट्रक धावतात आणि ओलांडायला ना पूल, ना दिवा.

शाळेच्या मोठ्या बाई हुशार. त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. त्या दुकानादुकानातून फिरल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा काका एका पेंटरच्या गालावर फेस फासत होते.

"दुपारी तुमचं दुकान रिकामं असतं ना?" बाई म्हणाल्या. "मग तेवढा वेळ मला द्या. रोज एक मूल येईल, तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही फक्त ऐकायचं. अडलं तरी शब्द सांगायचा नाही. एवढं जमेल?"

"ऐकणं काय, झोपेतही जमेल!" काका म्हणाले.

"झोपेतच जमेल," पोस्टमन पेपराआडून म्हणाले. "जागेपणी तू कधी ऐकलंयस?"

अशी ती सुरुवात. इस्त्रीवाल्या मावशीकडे एक मूल, पंक्चरवाल्याकडे एक, औषधाच्या दुकानात एक. आमच्या वाट्याला आली पिटुकली. खरं नाव शाळेत असेल ते असो. अंगाने एवढीशी, म्हणून पिटुकली. आवाजही तसाच. पहिल्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली. आई इस्पितळात साफसफाईला होती, कामाची पाळी संपवून थेट आली होती, डोळ्यांत झोप.

"शिकली तर बरंच आहे, दादा," ती म्हणाली. "पण आधीच सांगते. शाळा पलीकडे गेली तर मी नाही पाठवायची. तो रस्ता मी रोज ओलांडते. लेकीला नाही ओलांडू देणार. घरात धाकटा आहे, त्याला सांभाळेल."

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. आज भाजी काय करायची, हे सांगावं तसं म्हटलं. म्हणूनच पिटुकलीने मान खाली घातली असावी. तिला ते पाठ होतं.

काकांनी फळी टाकली, पिटुकलीला वर बसवलं आणि माझं तोंड नेहमीप्रमाणे आरशाकडे केलं. पुस्तक उघडलं. पिटुकली वाचायला लागली. पहिले दिवस कठीण गेले. पण मग काय जादू झाली कोण जाणे, तिचं वाचन सुधारायला लागलं. महिन्याभरात पोरगी घडाघडा वाचू लागली. फवाऱ्याचं पाणी गालावरून ओघळत असताना गिऱ्हाइकं थांबून ऐकायची. पेंटरने तर टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवाली मावशी काम टाकून बघायला आली. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आई आली, लेकीचं वाचन ऐकलं आणि पदराने तोंड पुसत बाहेर जाऊन उभी राहिली.

सगळे खूश होते. फक्त ताई गप्प होती.

एका दुपारी ती दुकानाच्या दारात आली. हातात डबा नव्हता. "बाबा, ही वर्गात एक ओळ वाचत नाही."

"वर्गात वाघ बांधलायस का?" पोस्टमन म्हणाले. "इथे पोरगी रेल्वेसारखी धावते."

"तेच बघायला आलेय. वाच गं."

पिटुकली वाचू लागली. भराभर, न अडखळता. काका तिच्या मागे उभे राहून बाकावरच्या माणसाच्या मानेचे केस काढत होते, एक डोळा कामावर, एक पुस्तकावर. ताई दारातच उभी होती. ती पुस्तकाकडे बघत नव्हती. ती आरशात बघत होती.

मग ती पुढे आली, माझ्या हाताला धरलं आणि मला अर्धी गिरकी दिली. आता माझी पाठ आरशाकडे आणि तोंड रस्त्याकडे.

"आता पुढे वाच."

पिटुकलीच्या तोंडाला कुलूप लागलं. पाय फळीवरून लोंबत होते, ते हलायचे थांबले. पुस्तक तेच, पान तेच, बोटही त्याच ओळीवर. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचा खडखडाट दूर जाऊन विरला, तरी पोरीच्या तोंडून अक्षर फुटेना.

"घाबरवलंस तिला," काका म्हणाले.

"नाही बाबा. तिला तुमचं तोंड दिसेनासं झालं."

"माझं तोंड? मी चकार शब्द काढत नाही! बाईंनी सांगितलंय ना!"

"आवाज काढत नाही. पण ती वाचते तेव्हा तिच्या आधी तुमचे ओठ हलतात. पुटपुटता तुम्ही. ती मान वर करते, आरशात तुमचा शब्द उचलते आणि खाली टाकते."

काकांनी पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमननी पेपर खाली केला. "हलतात रे," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, वय झालं, आता तोंड आपोआप चालतं."

काका आरशासमोर उभे राहिले आणि स्वतःच्या ओठांकडे पाहत राहिले. जन्मभर त्यांनी त्या आरशात दुसऱ्यांचे चेहरे पाहिले होते. माणसं थांबली की त्यांचं वाक्य पूर्ण करण्यात हयात गेली होती. तीच सवय या चिमुरडीच्या बाबतीतही चालू होती आणि त्यांना त्या सवयीचा पत्ताही नव्हता. फसवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. एकाला शब्द थांबलेला बघवत नव्हता आणि दुसरीला शब्द मिळाला की बरं वाटत होतं, एवढंच.

तपासणी तोंडावर आली होती.

त्या दिवसापासून माझी पाठ आरशाकडे आणि तोंड दाराकडे. काका मागे उभे. शिवाय त्यांनी कंगवा आडवा दातांत धरायला सुरुवात केली, म्हणजे ओठ हलायलाच नकोत. पहिल्या दिवशी पिटुकलीने तीन शब्द वाचले आणि रडली. दुसऱ्या दिवशी रडली नाही, पण वाचलंही नाही. तिने मान वळवून मागे पाहिलं, तर काका कंगवा दातांत धरून छताकडे बघत होते.

"काका, तुम्ही माझ्यावर रागावलात?"

काकांनी कंगवा काढला. "नाही गं बाळ."

"मग सांगत का नाही?"

ज्यांना कधीच शब्द कमी पडले नव्हते, ते काका नळाशी गेले आणि उगाच वस्तरा धुवत राहिले.

तिसऱ्या दिवशी पिटुकली आलीच नाही. चौथ्याही दिवशी नाही. दुपारभर मी रिकामी दाराकडे तोंड करून बसले होते. दुकानात अशी शांतता पसरली, की एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो, बोला की काहीतरी! सलून आहे का स्मशान?" काकांनी त्याची दाढी पूर्ण केली, तुरटी फिरवली, पण बोलले नाहीत.

मग आई आली. पिटुकलीला मनगटाला धरून, जवळजवळ ओढतच.

"हिला आता येत नाही म्हणते. आधी येत होतं, मी कानांनी ऐकलंय. आता कसं येत नाही? काय केलंत तुम्ही माझ्या पोरीला?"

पोस्टमन काही बोलायला गेले. काकांनी हात करून त्यांना थांबवलं.

"आधीही येत नव्हतं," ते म्हणाले. "मी वाचत होतो. ती आरशात माझं तोंड बघून बोलायची. मला कळलं नाही. कळायला हवं होतं."

आईने एकदा आरशाकडे पाहिलं. मग अगदी सावकाश म्हणाली, "म्हणजे त्या टाळ्या तुमच्याच होत्या."

वस्तऱ्याने कापलं तर आधी कळत नाही, रक्त आल्यावर कळतं. काकांच्या चेहऱ्यावर ते तसं उशिरा उमटलं.

"हो," ते म्हणाले. "पण तिला अजून वेळ द्या. रोज पाठवा. अडली तर अडू दे. मी इथे उभा राहीन, पण तिचा शब्द घेणार नाही."

आईने लेकीचं मनगट सोडलं. पिटुकलीने आपली आपण फळी उचलली आणि माझ्या हातांवर टाकली. ती वर चढली, रस्त्याकडे तोंड करून. त्या दुपारी तिने अर्धं पान वाचलं. अर्धं पान वाचायला इतका वेळ लागला, की आई बाकावर बसल्या बसल्या झोपून गेली. पण त्या अर्ध्या पानातला एकही शब्द दुसऱ्याचा नव्हता.

ताईने ही गोष्ट गल्लीभर केली. इस्त्रीवाली मावशीही मान हलवून होकार देत होती आणि मूल तिच्या मानेकडे बघून अंदाज बांधत होतं, हे तेव्हा कळलं. पंक्चरवाला तर सरळ कानात सांगत होता. "बिचारं किती वेळ अडकून बसायचं?" तो म्हणाला. सगळ्यांचीच माया आडवी येत होती. मग सगळ्यांनीच गप्प राहायला शिकायचं ठरवलं. मित्रांनो, मोठ्या माणसांना ते तुमच्या पाढ्यांपेक्षा जड जातं.

आणि तपासणीचा दिवस उजाडला.

सकाळी खात्याची गाडी दुकानासमोरून गेली. काकांनी हातातला वस्तरा खाली ठेवला आणि दारात जाऊन उभे राहिले. गिऱ्हाईक अर्ध्या गालावर फेस घेऊन बसून राहिलं. तेही समजूतदार, घाई केली नाही. फेस वाळून पापुद्रा झाला, तरी शाळेकडून काही कळेना.

मग ताई आली. तिच्यामागे मोठ्या बाई, पिटुकली आणि तपासणीच्या मॅडम. मॅडम थकलेल्या दिसत होत्या. त्यांनाही दिवसभरात किती शाळा करायच्या असतील.

"तुमच्या चौथीचं काट्यावर आलंय," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "निम्मी व्हायला एक मूल कमी आहे. ही मुलगी वर्गात बोललीच नाही. तुमच्या आग्रहाखातर इथे आले. पण पान माझं असेल, आणि दुसरी संधी नाही."

अर्ध्या गालाचं गिऱ्हाईक उठून बाजूला झालं. पिटुकली माझ्यावर चढली. काकांनी मला रोजच्यासारखं दाराकडे वळवलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. मॅडमनी पिशवीतून एक कागद काढून तिच्या हातात दिला आणि डोळे बारीक केले. "इथे अंधार आहे. दिव्याकडे वळवा तिला."

दिवा एकच होता, आरशावर.

ताईने वडिलांकडे पाहिलं. "वळवा ना," मॅडम पुन्हा म्हणाल्या, आणि काकांनी मला वळवलं.

आता समोर आरसा. आरशात पिटुकली, तिच्या डोक्यावर काकांचा चेहरा आणि काकांच्या डोळ्यांसमोर तो कागद. मॅडम माझ्या बाजूला, कागदावर नजर ठेवून. आरशाकडे त्या बघतही नव्हत्या. काकांचा कंगवा खिशातच राहिला होता.

पिटुकली वाचू लागली. गोष्ट एका नावाडी बाईची होती. पहिली ओळ सरली. दुसरी अडखळत सरली. तिसऱ्या ओळीत एक शब्द आला आणि ती थांबली.

बोट शब्दाखाली. श्वास वर. मॅडमनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. आणि पिटुकलीने हळूच मान वर केली. आरशात बघायला.

मित्रांनो, काकांना तो शब्द ठाऊक होता. ओठ नुसते विलगले असते तरी काम झालं असतं. शाळा वाचली असती, पोरगी शिकली असती, आणि त्या खोलीत कोणाला पत्ता लागला नसता. त्यांच्या मुलीलाही कदाचित नाही, कारण ती जमिनीकडे बघत होती. मी काकांना एवढी वर्षं ओळखत होते. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार.

काकांनी पाठ फिरवली.

सावकाश, पूर्ण वळले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. पिटुकलीला आरशात चेहरा दिसलाच नाही. दिसला तो जुना सदरा आणि मानेवर वाढलेले पांढरे केस. दुसऱ्यांचे केस कापता कापता स्वतःचे कापायचे राहून गेले होते.

ती त्या पाठीकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने मान खाली घातली.

"वल... वल्ह..." ती थांबली. पुन्हा मागे गेली. "नावाडीण नाव... वल्ह-वत... वल्हवत निघाली."

पुढची ओळ. त्यात एक शब्द चुकला, तिचा तिनेच पकडला आणि परत वाचला. टाळ्या वाजवाव्यात असं त्या वाचनात काही नव्हतं. खडकाळ वाटेवरून अनवाणी चालावं तसं ती चालत होती. पण चालत होती.

पान संपलं. मॅडमनी विचारलं, "नावाडीण अर्ध्या वाटेवरून परत का फिरली?"

"कारण..." पिटुकलीने विचार केला. "एक जण काठावर राहिला होता. त्याला सोडून कशी जाईल?"

मॅडमनी कागद परत घेतला. "हळू वाचते," त्या म्हणाल्या. "पण वाचते." मग काकांच्या पाठीकडे बघून त्यांनी विचारलं, "त्या काकांना बरं नाही का?"

"बरे आहेत," ताई म्हणाली. "बरे आहेत ते."

शाळा राहिली. पुढच्या वर्षी गल्लीतली आणखी दुकानं ऐकायला पुढे आली. पिटुकली पाचवीत गेली. तिच्या जागी दुसरी मुलं आली आणि एक वेळ अशी आली, की दुपारचं गिऱ्हाईकसुद्धा दारात चप्पल काढताना विचारायचं, "वाचन चालू आहे का? मग थांबतो."

पण दिवस कोणासाठी थांबत नाहीत. माझा पंप अडकायला लागला. दांडा दाबला तरी मी वर जाईना. काकांनाही जिना चढवेना. आमचं दोघांचं एकदमच झालं. शेजारी गार हवेचं, चकचकीत खुर्च्यांचं नवं सलून आलं. माझ्या रेक्झिनला भेग पडली, तिच्यातून काथ्या बाहेर आला आणि मुलं तो उपटत बसू लागली. मग एका सकाळी दुकानाचं शटर उघडलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही.

बऱ्याच दिवसांनी शटर वर गेलं तेव्हा समोर ताई होती, बरोबर भंगारवाला. त्याने मला हलवून पाहिलं. "बिडाचा पाय आहे, वजन भरेल," तो म्हणाला.

"जरा बाहेर थांबता?" ती म्हणाली.

तो गेल्यावर ती माझ्यावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा. हात माझ्या हातांवर ठेवले, जिथे तिच्या वडिलांचे हात टेकायचे. ती रडली नाही. खूप वेळ नुसती बसून राहिली. मीही तिला वर-खाली काही केलं नाही. मग ती उठली, बाहेर गेली आणि त्याला म्हणाली, "बाकीचं न्या. ही नाही."

आता मी शाळेत आहे, चौथीच्या वर्गाबाहेर. माझ्यावर मुलं बसत नाहीत, मोठी माणसं बसतात. दुपारी गल्लीतलं कोणीतरी येतं, हात मांडीवर ठेवून बसतं आणि समोर उभं राहून एक मूल वाचतं. काही दिवस माझी कोणी विचारपूस करत नाही. धूळ साचते, हाताखाली कोणी चघळलेल्या च्युइंगमचा गोळा चिकटवून जातं. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? एक फडकं आणि थेंबभर तेल एवढंच मागणं आहे माझं. जुन्या वस्तूंना फार लागत नाही.

पण मित्रांनो, एक मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या घरात किंवा वर्गात तुमच्याहून धाकटं कोणीतरी नुकतं वाचायला लागलं असेल. त्याच्याजवळ बसा. ते एखाद्या शब्दापाशी थांबेल. तो शब्द तुम्हाला येत असेल आणि तुमच्या जिभेवर नाचतही असेल. तेव्हा उठून जाऊ नका आणि सांगूही नका. त्याच्याजवळच बसून राहा.